हौसेला मोल नाही, म्हणून नोंदही नाही?

प्रति,
माननीय संपादक मंडळ

(आपल्या कला व संगीत कोशाचे नाव मी या पत्रात मुद्दाम घेतलेले नाही. माझी तक्रार निर्णयाविषयी आहे. कोशाची बदनामी व्हावी अशी माझी इच्छा नाही.)

विषय : स्वीडनची राजकन्या युजेनी हिची नोंद कला व संगीत विभागातून काढण्याच्या निर्णयाबाबत

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्याकडून मला चार ओळींचा ईमेल आला. राजकन्या युजेनीवर मी लिहिलेली सुमारे बाराशे शब्दांची नोंद कला व संगीत विभागातून काढली असून ती तीन वाक्यांत आटोपून ‘राजघराणी’ या विभागात हलवली आहे, असे त्यात कळवले होते. कारणही दिले होते : ज्या व्यक्तीने कलेतून उपजीविका केली नाही, तिची स्वतंत्र नोंद यापुढे या विभागात राहणार नाही. मी दोनदा फेरविचाराची विनंती केली आणि दोन्ही वेळा धोरण ठरलेले आहे एवढेच उत्तर आले. आपला कोश विनामोबदला लिहिणाऱ्या नोंदलेखकांच्या कष्टांवर आणि वाचकांच्या विश्वासावर उभा आहे. हे धोरण त्या दोघांनाही ठाऊक असायला हवे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

मी स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना शहरात अकरा वर्षे राहते आणि करोलिन्स्का रुग्णालयाच्या परिसरातल्या एका प्रयोगशाळेत काम करते. ज्या रस्त्याने मी कामावर जाते त्याचे नाव युजेनियाव्हेगेन, म्हणजे युजेनियाचा रस्ता. रुग्णालयाच्या पत्त्यातच हे नाव असल्याने तपासणीला बोलावणाऱ्या पत्रांवर ते असंख्य माणसांच्या नजरेखालून जाते. पण ही युजेनिया कोण, असे विचारले तर बहुतेकांची माहिती ‘कुणीतरी राजकन्या’ एवढ्यावरच थांबते. पहिली काही वर्षे मीही त्यांच्यातलीच होते. नंतर एका रविवारी इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एक लहानशी पांढरी पुतळी हाती आली. तिच्याविषयी पुढे लिहिते, कारण हा सगळा शोध तिच्यापासूनच सुरू झाला.

युजेनीचा जन्म २४ एप्रिल १८३० रोजी स्टॉकहोममध्ये झाला. वडील त्या वेळी युवराज होते आणि १८४४ मध्ये पहिले ऑस्कर म्हणून गादीवर आले. आई जोसेफिना ही नेपोलियनची पहिली पत्नी जोसेफिन हिची नात. चार भावांत ही एकटी बहीण, आणि प्रकृती तरुणपणापासून तोळामासा. तिने लग्न केले नाही. चित्रे काढली, लहान मूर्ती घडवल्या, गाणी आणि पियानोसाठी छोट्या रचना केल्या. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला गॉटलंड बेटावर, विस्बी शहराच्या दक्षिणेला, समुद्रावर झुकलेल्या हॉगक्लिंटच्या कड्याजवळ तिच्यासाठी फ्रिडहेम नावाचे घर उभे राहिले, आणि पुढचे उन्हाळे तिने तिथे काढले. फ्रिडहेम म्हणजे शांतिनिवास. २३ एप्रिल १८८९ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, ती गेली.

आपण छापलेली तीन वाक्ये अशी आहेत : ‘स्वीडनची राजकन्या. दागिने विकून अपंग मुलांसाठी संस्था स्थापन केली. फावल्या वेळात चित्रकला व संगीताची आवड होती.’

माझे आक्षेप आता एकेक करून मांडते.

पहिला आक्षेप उपजीविकेच्या निकषावर आहे. हा निकष वरवर तटस्थ वाटतो. पण ज्या काळाला तो लावला आहे, त्या काळात स्त्रियांना कलेतून उपजीविका करण्याच्या वाटा किती मोकळ्या होत्या, हे त्यात विचारातच घेतलेले नाही. १८५८ पर्यंत स्वीडनमधली अविवाहित स्त्री, वय कितीही असो, कायद्याच्या दृष्टीने सज्ञान नसे. राजाकडे अर्ज करून अपवाद म्हणून मुभा मिळाली तरच तिची सुटका होई. त्या वर्षी पंचवीस वर्षांवरील अविवाहित स्त्रीला न्यायालयाकडे अर्ज करून सज्ञान ठरवून घेण्याची सोय झाली आणि १८६३ पासून पंचविसाव्या वर्षी हा हक्क अर्जाविना मिळू लागला. विवाहित स्त्रीची पतीच्या पालकत्वातून सुटका व्हायला तर १९२१ उजाडावे लागले. स्टॉकहोमच्या राजकला अकादमीने स्त्रियांसाठी नियमित वर्ग उघडले ते १८६४ मध्ये. तोवर युजेनी चौतीस वर्षांची झाली होती. चर्चमध्ये ऑर्गनवादकाची जागा स्त्रीला मिळू शकेल असा बदल कायद्यात झाला तो १८६१ मध्ये, आणि त्याचा लाभ घेऊन एल्फ्रिडा आंद्रे गोटेनबर्गच्या कॅथीड्रलची ऑर्गनवादक झाली १८६७ मध्ये. आंद्रेची नोंद आपल्या कोशात आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण तिच्या आधी जन्मलेल्या आणि दार बंद असतानाच घडलेल्या बाईला ‘तू या दारातून आली नाहीस’ असे सांगून नाकारणे हा कोणता न्याय?

त्यात घराण्याची अडचण वेगळी. उमराव घरातल्या मुलीला चित्रकला, भाषा, पियानो, गाणे हे सगळे चांगल्या शिक्षकांकडून शिकवले जाई, कारण त्याशिवाय तिचे शिक्षण पूर्ण मानले जात नसे. मात्र त्याच विद्येचे तिने पैसे घेतले असते तर घराण्याला कमीपणा आला असता. म्हणजे शिकायचे कसून आणि विकायचे मुळीच नाही, हा तिच्या वर्गाचा दंडक होता. उपजीविकेच्या निकषाने अशा सगळ्याच स्त्रिया एका फटक्यात बाहेर पडतात. माझ्या हातात सध्या माल्ला सिल्फवरस्टोल्पे या सरदार घराण्यातल्या बाईची नोंद आहे. तिने १८२० पासून उपसाला येथे आपल्या घरी बैठक चालवली. गेयर, आटरबूम यांच्यासारखे कवी आणि लिंडब्लाडसारखा संगीतकार तिथे येत, नवी गाणी आधी तिथे गायली जात, आणि त्या पिढीच्या कलाजीवनाविषयी आज जे कळते त्यातले बरेच तिच्या आठवणींमुळे कळते. आपल्या धोरणानुसार ही नोंदही मी पाठवू नये, असाच अर्थ निघतो.

याच निकषाचा एक विचित्र परिणाम आपल्या लक्षात आला नसावा. हिल्मा अफ क्लिंट ही नौदल अधिकाऱ्यांच्या सरदार घराण्यात १८६२ साली जन्मली आणि १८८२ मध्ये अकादमीत शिकायला गेली. तिने पोट भरले ते व्यक्तिचित्रे आणि निसर्गचित्रे यांवर. ज्या भव्य अमूर्त चित्रांसाठी आज जगभर लोक रांगा लावतात, ती तिने विकली नाहीत आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षे ती कुणाला दाखवू नयेत असे सांगून ठेवले. उपजीविकेचा नियम काटेकोरपणे लावला तर आपल्या कोशात ती राहील, पण ज्या कामामुळे ती मोठी त्या कामामुळे राहणार नाही. असा नियम कलेचा इतिहास सांगायला कसा पुरेल?

दुसरा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला आहे. युजेनीचा थोरला भाऊ राजपुत्र गुस्ताफ याची नोंद आपल्या संगीत विभागात जशीच्या तशी आहे. ती असावीच. त्याने रचलेले विद्यार्थिगीत १८५२ मध्ये उपसाला येथे पहिल्यांदा गायले गेले, आणि त्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, विषमज्वराने तो गेला. दर वर्षी मेअखेर आणि जूनमध्ये शाळा संपवून बाहेर पडणारी मुले पांढऱ्या टोप्या घालून, फुलांनी आणि बर्चच्या डहाळ्यांनी सजवलेल्या उघड्या ट्रकवर उभी राहून हे गीत घसा फुटेस्तोवर गातात. माझ्या मुलीने गेल्या वर्षी ते गायले, तेव्हा मीही फुटपाथवर उभी राहून त्यांच्यात सूर मिसळला. पण गुस्ताफने संगीतावर उपजीविका केव्हा केली? एकाच घरात वाढलेले हे दोघे भाऊ-बहीण सारखेच हौशी होते. भावाला आपण ‘संगीतकार’ म्हटले आणि बहिणीला ‘संगीताची आवड होती’.

बाकीचे भाऊही पाहा. पंधरावा कार्ल राजा असताना चित्रे काढी आणि कविता करी. दुसरा ऑस्कर राजपुत्र असताना नौदलावर कविता लिहून १८५८ मध्ये स्वीडिश अकादमीचे दुसरे पारितोषिक मिळवून गेला. तिचा भाचा, दुसऱ्या ऑस्करचा मुलगा राजपुत्र युजेन, चित्रकार झाला आणि स्टॉकहोममधले त्याचे वाल्डेमार्सउड्डे हे घर आज नावाजलेले संग्रहालय आहे. या घराण्यातल्या एकाही पुरुषाला घर चालवण्यासाठी चित्र विकावे लागले नाही. त्यांच्यापैकी कुणाच्याही नोंदीत ‘फावल्या वेळात’ हे शब्द मला सापडले नाहीत.

तिसरा आक्षेप आपण जे वगळले त्याविषयी. ज्या पुतळीचा उल्लेख मी वर केला ती आता माझ्या टेबलावर आहे. एक लहान मूल आणि एक कुत्रा, एवढाच विषय. मुलाचे सगळे लक्ष कुत्र्याकडे लागलेले आणि शिल्पाचे नाव ‘तुला बोलता येत नाही का?’ ही पॅरियन नावाच्या बिनझिलईच्या चिनी मातीची आहे. हात फिरवला तर संगमरवराचा भास होतो, पण बोटांना थंडावा थोडा कमी लागतो. रंग दुधावरच्या सायीसारखा. खोबणींमध्ये दीडशे वर्षांची धूळ इतकी घट्ट बसली आहे की ओल्या ब्रशने हलके पुसूनही ती निघाली नाही, आणि नंतर मी तो नाद सोडला. उलटी करून पाहिली तर तळाशी गुस्ताव्सबर्गच्या चिनी मातीच्या कारखान्याची खूण, म्हणजे जहाजाचा नांगर, उमटलेली दिसते. मूळ मूर्ती युजेनीने घडवली आणि कारखान्याने साचे करून तिच्या प्रती काढल्या. त्या विकल्या गेल्या, मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटांवर बसल्या आणि आजही लिलावांत व जुन्या बाजारांत सापडतात.

आता विचार करा, एखाद्या शिल्पाला नामांकित कारखान्याचे साचे मिळावेत आणि त्याच्या प्रती लोकांनी पैसे देऊन घरात आणाव्यात, याला केवळ ‘आवड’ म्हणता येईल काय? माझ्या नोंदीत हा सगळा भाग होता. आपण तो गाळला आणि हिऱ्यांची गोष्ट तेवढी ठेवली. ही गोष्ट खोटी नाही. असाध्य आजार असलेल्या आणि अपंग मुलांसाठी १८८२ मध्ये युजेनियाहेम्मेट हे निवासगृह तिच्या पुढाकाराने सुरू झाले आणि त्यासाठी तिने आपले दागिने विकले. हे काम किती मोलाचे होते ते मला वेगळे सांगायला नको. पुढे ते निवासगृह ज्या सोल्नात आले, तिथेच मी रोज वावरते. तिने मदत केलेल्या एका रुग्णाचे अश्रू पाहून आपले हिरे आपल्याला परत मिळाल्याचे तिला वाटले, असेही सांगतात. पण दान करणारी राजकन्या हे चित्र वाचकांच्या ओळखीचे आणि सोयीचे आहे, म्हणून तेवढेच ठेवून तिच्या हातांनी केलेले काम पुसणे योग्य नव्हे. अंगावरचे हिरे तिला घराण्यामुळे मिळाले होते. ते मूल आणि तो कुत्रा मात्र तिच्या स्वतःच्या बोटांतून उतरले.

चौथा आक्षेप ‘फावल्या वेळात’ या शब्दांवर. ज्या बाईचे आयुष्य दीर्घ आजारपणात गेले, जिला हिवाळे सोसत नसत, तिच्याकडे फावला वेळ म्हणून काय होते? अंथरुणाला खिळलेल्या दिवसांमधून जे तास हाती लागले त्यांत तिने माती मळली आणि सुरावट कागदावर उतरवली. त्याच तासांत तिने संस्थांची कामेही पाहिली. १८८० मध्ये उत्तरेकडच्या सामी लोकांत काम करणाऱ्या मिशनला मदत करण्यासाठी तिने मंडळ स्थापन केले. अशा कामांमागे, त्यांचे मूल्यमापन आज कुणी कसेही करो, रोजचा पत्रव्यवहार आणि हिशेब असतो. ‘फावला वेळ’ हा शब्द आपण बायकांच्या कामाला फार सहज चिकटवतो.

इथे मला थोडे माझ्या घरचे सांगू द्या, कारण या प्रकरणात माझे मन गुंतण्याचे खरे कारण तेच आहे. माझी आई पेटी वाजवत असे. रोज दुपारी, सगळ्यांची जेवणे उरकून ओटा पुसला की, ती पंख्याखाली चटई टाकून बसे आणि भाता हलवायला लागे. तिने दुरेघी वह्यांमध्ये दोनशेच्या वर भावगीतांचे आणि बंदिशींचे स्वरलेखन केले होते. त्यातली कित्येक तिने नुसती ऐकून उतरवलेली, आणि सात-आठ चाली तिच्या स्वतःच्या. घराबाहेर ती एकदाही बसली नाही, कारण माझ्या आजोबांना ते पसंत नव्हते. ती गेल्यावर दाखल्यासाठी अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यात माझ्या भावाने ‘गृहिणी’ लिहिले. दुसरे काय लिहिणार? तिची नोंद आपल्या कोशात व्हावी असे मी कधीच म्हणणार नाही. ती जागा कुणाची आणि किती हे मला कळते. पण युजेनीच्या नोंदीवरचे आपले उत्तर वाचताना मला तो रकाना डोळ्यांसमोर दिसला, हे आपणास प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आपल्यापैकी कुणी म्हणेल की राजवाड्यात जन्मलेल्या बाईची एवढी वकिली कशाला? तिच्याकडे शिक्षक होते, नोकर होते, समुद्राकाठी घर होते. हे सगळे खरे आहे आणि माझ्या नोंदीत ते लिहिलेही होते. तिच्याच वयाच्या एखाद्या गॉटलंडच्या कोळिणीच्या हातात मूर्ती घडवण्याचे तेवढेच कसब असेल, तर तिला ना माती मिळाली ना कारखान्याचा साचा. ही विषमता वाचकाला स्पष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगायची तर आधी नोंद हवी. युजेनी थोर शिल्पकार होती किंवा तिच्या रचना तिच्या काळातल्या मोठ्या संगीतकारांच्या तोडीच्या होत्या, असा माझा दावा नाही. मला त्या रचना गोड आणि नेटक्या वाटतात. भावाच्या विद्यार्थिगीतासारखी लोकांच्या तोंडी बसलेली चाल त्यांत नाही. कोशात फक्त थोरांनाच जागा असेल तर निम्मा कोश रिकामा करावा लागेल.

शब्दाचाही प्रश्न आहे. मराठीत ‘हौशी’ हा हलका शब्द नाही. आपली राज्य नाट्यस्पर्धा हौशी मंडळींच्या बळावर उभी राहिली. दिवसभर बँकेत, शाळेत, कचेरीत काम करून रात्री तालमी करणाऱ्या माणसांनी मराठी रंगभूमीला काय काय दिले, हे आपल्या कोशाच्या नाट्यविभागात अभिमानाने लिहिलेले आहे, आणि तिथे उपजीविकेची अट नाही. ‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिची किंमत पैशात करता येत नाही असा त्याचा अर्थ असतो. एका स्वीडिश बाईच्या बाबतीत तो अर्थ उलटा होऊन हौसेच्या कामाला किंमतच नाही असा कसा झाला?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

युजेनीची मूळ नोंद कला व संगीत विभागात परत घ्यावी. तिच्यात काटछाट हवी असेल तर मी ती आनंदाने करून देईन, बाराशे शब्दांचे सहाशे झाले तरी चालतील. पण मूर्ती, रचना आणि कारखान्याने काढलेल्या प्रती यांचा उल्लेख राहिला पाहिजे. ‘राजघराणी’ विभागातही ती असावी आणि दोन्ही नोंदी एकमेकींना जोडाव्यात.

उपजीविकेचा निकष मागे घ्यावा. त्याऐवजी काम उपलब्ध आहे का, ते छापले, घडवले, वाजवले किंवा जपले गेले का, आणि समकालीन पुरावा आहे का, हे पाहावे. कलाकार हौशी होती हे नोंदीत जरूर लिहावे. ती वस्तुस्थिती आहे, पण नोंद नाकारण्याचे कारण ती होऊ शकत नाही.

निकष ठेवायचाच असेल तर तो गुस्ताफलाही लावावा. तसे होऊ नये असेच मला वाटते. पण नियम भावाला एक आणि बहिणीला दुसरा असू नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

आणि यापुढे विभागाचे धोरण बदलताना ते आधी जाहीर करावे, नोंदलेखकांना महिनाभराची मुदत द्यावी आणि वगळलेल्या नोंदींची यादी वाचकांना पाहता येईल अशी ठेवावी. माझ्यासारख्या अनेकांनी रात्री जागून, परक्या भाषांमधले जुने छापील मजकूर अक्षर अक्षर लावून या नोंदी लिहिल्या आहेत.

माल्ला सिल्फवरस्टोल्पेची नोंद मी पूर्ण करत आणली आहे. आपला निर्णय कळेपर्यंत ती माझ्याकडेच ठेवते. पुतळीची तीन छायाचित्रे या पत्रासोबत वेगळ्या ईमेलने पाठवली आहेत. एक समोरून, एक बाजूने आणि एक तळाचे, ज्यात नांगर स्पष्ट दिसतो. नोंद परत आली तर ती तिच्यासोबत लावावीत. त्यासाठी माझी लेखी परवानगी आहे.

कळावे,

आपली नम्र,
कोशाची एक नोंदलेखिका
सोल्ना, स्वीडन